अनुभव धागा: अमेरिकेतून कॅनडात जावं की थांबावं? बडोदेकरांनी लिहावं

बडोद्यातल्या मराठी घरांत आता एक तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असतेच, आणि हल्ली त्यांच्या प्रत्येक फोनवर हा विषय निघतो. माझ्या धाकट्या भावाकडे तर रोज रात्री हेच चाललंय. त्याची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली अर्जाची तारीख) लागायचं नाव घेत नाही. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग दशकभराहून लांब. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असताना नोकरी गेली की हातात फक्त ६० दिवस. इकडे कॅनडानेही दार अरुंद केलंय: २०२५ साठी आधी ५,००,००० लोकांना पीआर (कायम राहण्याचा परवाना) द्यायची योजना होती, ती ३,९५,००० वर आणली.

जे गेले, जे थांबले, जे परत आले, त्या सगळ्यांनी लिहावं. बडोद्यात मागे राहिलेल्या आईवडिलांनीही लिहावं, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. काय घडलं, ते सविस्तर लिहा.

मूळ दांडिया बाजार, आधी न्यू जर्सी, आता ओकव्हिल

आमच्याकडे सगळे धरून चालले होते की अर्ज नवऱ्याच्या नावाने करायचा. पगार त्याचा, व्हिसा त्याचा, मी एच-४ वर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून. कॅनडाच्या पीआरसाठी एक्स्प्रेस एंट्रीत गुणांवर निवड होते, म्हणून मी एकदा शांतपणे त्या गुणांचा तक्ता घेऊन बसले. जोडीदारासह अर्ज करताना २९ व्या वर्षापर्यंत वयाचे पूर्ण १०० गुण मिळतात, ३५ ला ७० उरतात, ४० ला ४५, आणि ४५ ला शून्य. तो ३९ चा होता, मी ३४ ची. फक्त वयातच माझे २५ गुण जास्त. शिवाय एच-४ ईएडीवर (नोकरीच्या परवान्यावर) माझाही नोकरीचा अनुभव जमला होता. मग प्रिन्सिपल ॲप्लिकंट (मुख्य अर्जदार) मी झाले. नवरा-बायको दोघेही शिकलेले असाल तर दोन्ही बाजूंनी गुण काढून बघा. हे मी भेटेल त्याला सांगते.

आयईएलटीएसला (इंग्रजीच्या परीक्षेला) हलकं घेऊ नका. 'आम्ही अमेरिकेत दिवसभर इंग्रजीच बोलतो' हे उत्तर तिथे चालत नाही. सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची पातळी) साठी लिसनिंगला ८ लागतात आणि बाकी तिन्हीत ७. लिसनिंग ७.५ वर अडलं की भाषेचे गुण तर जातातच, शिक्षण आणि अनुभवाला जोडून मिळणारे गुणही कापले जातात. मुलगा झोपला की मी ओट्यापाशी उभी राहून हेडफोन लावून सराव करायचे. डिग्रीचं मूल्यांकन करायला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून थेट जावी लागते. त्यासाठी बाबांनी बडोद्यात सगळी धावपळ केली. मार्कशीटच्या झेरॉक्सचा गठ्ठा स्कूटरच्या डिकीत टाकून ते जायचे. त्यांच्याशिवाय माझं काम झालं नसतं.

हे २०१९ चं. तेव्हा निवडीचा कटऑफ ४६० गुणांच्या आसपास फिरत होता. नंतरच्या सर्वसाधारण ड्रॉमध्ये (निवडीच्या फेऱ्यांत) तो ५०० च्या वर गेला, आणि २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे जादा गुणही बंद झाले. त्यामुळे आमच्या वेळचं गणित आज जसंच्या तसं लावू नका.

पैशांचं स्पष्ट सांगते. नवऱ्याच्या कंपनीने टोरांटोला बदली दिली. पगाराचा आकडा जवळपास तोच राहिला, पण डॉलर कॅनडाचा. घरं महाग, टॅक्स जास्त. धाकटीच्या बाळंतपणात एक पैशाचं बिल आलं नाही, पण फॅमिली डॉक्टर मिळायला वर्ष उलटलं, आणि मुलाचा कान दुखायला लागला तेव्हा इमर्जन्सीत अख्खी रात्र बाकावर काढली. हे दोन्ही खरं आहे. तरी मी पुन्हा हाच निर्णय घेईन. आज माझी नोकरी कोणाच्या व्हिसाला टांगलेली नाही.

मूळ बाबाजीपुरा, डॅलस

आम्ही नाही गेलो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. इथलं लायसन्स काढायला तिने फार सोसलंय. कॅनडात पुन्हा डिग्रीची तपासणी, पुन्हा परीक्षा. मी तिला 'परत सुरू कर' असं म्हणूच शकलो नाही. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फिजिओ घरात असेल तर पीआरच्या आधी त्या प्रांताच्या लायसन्सची चौकशी करा. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून ते सगळ्यांना 'चला' म्हणतात.

मूळ प्रतापनगर, आधी सिॲटल, आता एडमंटन

मी कॅनडाच्या २०२३ च्या, अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठीच्या योजनेतून आलो. १६ जुलैला अर्ज उघडले, जागा १०,०००, दोन दिवसांच्या आत संपल्या. तीन वर्षांचा ओपन वर्क परमिट मिळाला, पीआर नाही. बऱ्याच जणांनी हा फरक नीट लक्षात घेतला नाही. परमिट संपायच्या आत इथला एक वर्षाचा अनुभव जमवून एक्स्प्रेस एंट्रीत यायचं आणि पुन्हा गुणांच्या रांगेत उभं राहायचं.

थंडीबद्दल सगळे विचारतात, म्हणून लिहितो. आपल्याकडे जानेवारीत पारा १०-१२ वर आला की कामाठी बागेत फिरणारे माकडटोप्या घालतात. एडमंटनला उणे ३० चे दिवस येतात, कधी उणे ४० सुद्धा, आणि तिथे सेल्सिअस नि फॅरनहाइट एकच होतात. श्वास घेतला की नाकातले केस आखडतात. गाडीच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. ती रात्री प्लगला लावायची, म्हणजे इंजिन गरम राहतं आणि सकाळी गाडी सुरू होते. सुती कपडे आत घालू नका, घामाने ओले होतात आणि मग अंग गार पडतं. अंगालगत थर्मल किंवा लोकर, वर पफर, आणि बुटांवर पैसे वाचवू नका.

पण मला थंडीने नाही छळलं, अंधाराने छळलं. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. उत्तरायणला (पतंगांच्या सणाला) घरचे गच्चीवरून व्हिडिओ कॉल करतात, मागे 'काइपो छे'चा आरडाओरडा, डोळे दिपतील असं ऊन. त्या पहिल्या वर्षी मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी सुरू केलं, दुपारच्या सुट्टीत बाहेर चालायची सवय लावून घेतली, आता बरं आहे. घरं टोरांटोपेक्षा खूप स्वस्त, आणि अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्सच नाही. ठरवायच्या आधी एकदा फेब्रुवारीत येऊन आठवडाभर राहा. जुलैत बघून जाणाऱ्यांना काहीच कळत नाही.

मूळ राजमहाल रोड, आधी फ्रीमाँट, आता सरे

आमचा प्रश्न मुलीच्या वयाचा होता. ती बडोद्याहून आली तेव्हा चार वर्षांची होती. शाळा, मैत्रिणी, सगळं कॅलिफोर्नियात. एच-४ वर मूल २१ चं झालं की आईवडिलांच्या व्हिसावरून उतरतं. आमची तारीख तोवर लागणार नव्हती हे दिसतच होतं. मग तिने स्टुडंट व्हिसा घ्यायचा, परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची आणि पुढे एच-१बीच्या लॉटरीत नाव टाकायचं. ज्या गावात लहानाची मोठी झाली, तिथेच. धाकटा तिथे जन्मलेला म्हणून नागरिक. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांचे कागद वेगळे, हे मला सहन होत नव्हतं.

कॅनडात अवलंबून असलेलं मूल २२ च्या आतलं धरतात, आणि अर्जाच्या दिवशीचं वय पक्कं होतं. ती १९ ची असताना आम्ही अर्ज केला. ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. 'तुमच्या निर्णयासाठी मी माझं आयुष्य का बदलू' असं तिने तोंडावर विचारलं, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आता पीआर असल्याने तिला इथल्या मुलांइतकीच फी पडते आणि नोकरीसाठी कोणाकडे परवानगी मागायची नाही. राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. मुलं १२-१३ ची असतानाच हा विचार करा, आमच्यासारखं शेवटच्या क्षणाला नको. आणि ब्रिटिश कोलंबियात सरकारी आरोग्य विमा सुरू व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागतात, तोवर खासगी विमा घेऊन ठेवा. व्हँकूवरकडे बर्फ कमी, पाऊस फार.

अलकापुरी

आम्ही दोन्ही देश सोडून परत आलो. मुलं लहान होती म्हणून जमलं. पगार तिथल्या तुलनेत अर्थातच कमी, पण आई-बाबा हाकेच्या अंतरावर आहेत. कॅनडा की अमेरिका एवढाच पर्याय समोर ठेवू नका, एवढंच सांगायचं होतं.

समा, बडोदे (वडील)

मुलाने २०२१ मध्ये विचारलं, 'बाबा, टोरांटोला जाऊ का?' मी म्हटलं, आमच्यासाठी न्यू जर्सी काय आणि टोरांटो काय, विमान दोन्हीकडे तेवढंच. माझं हे म्हणणं अर्धंच होतं, हे पुढे कळलं.

अमेरिकेत असताना तो सलग काही वर्षं आलाच नाही. भारतात आला की परत जायला पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग हवं. अपॉइंटमेंट मिळेना, आणि अडकलो तर नोकरी जाईल ही धास्ती. त्याच्या आजीच्या शेवटच्या दिवसांत तो येऊ शकला नाही. व्हिडिओवर त्याने दर्शन घेतलं. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. पीआर झाल्यावर भारतात येण्या-जाण्यासाठी असलं काही लागत नाही. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिलं की पीआर टिकते. आता तो दरवर्षी येतो, लॅपटॉप घेऊन महिनाभर राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा धावत आला तो पुतण्या, हे खरं. पण पाणी ओसरल्यावर सगळं आवरायला मुलगा होता.

आमच्या जाण्याचंही सोपं झालं. अमेरिकेत व्हिजिटर म्हणून सहा महिने देतात. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. आमच्या वयात प्रीमियम चांगलाच बसतो, आणि बीपी-शुगर असेल तर पॉलिसीतल्या अटी ओळ न ओळ वाचून घ्याव्यात. मे ते सप्टेंबर जावं. हिवाळ्यात हिचे गुडघे धरतात, आणि बर्फावर पाय घसरेल या भीतीने आम्ही दोघं खिडकीतच बसतो.

मुलांनो, ठरवताना आम्हाला विचारा. आम्ही अडवणार नाही. पण किती वेळा येता येईल, हा प्रश्न पगाराच्या आधी मांडा.

मूळ रावपुरा, आता वॉटरलू

बाकी सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी फक्त हलतानाचं सांगतो. अमेरिकेच्या गाडी-विमा कंपनीकडून जुन्या रेकॉर्डचं पत्र आधीच घ्या. इथे बरेच विमेवाले ते धरतात, नाहीतर नवशिक्याचा दर लागतो. ४०१(के) (अमेरिकेतली निवृत्तीची बचत) घाईने मोडू नका, ती तिथेच ठेवता येते. दोन्ही देशांचे कर समजणाऱ्या माणसाकडे एकदा बसा. लँडिंगच्या (पीआरवर पहिल्यांदा शिरण्याच्या) दिवशी सीमेवर सामानाची यादी द्यावी लागते, आणि मागाहून येणाऱ्या वस्तूंची वेगळी. दागिने त्यात फोटोंसह लिहा, आईने दिलेल्या पाटल्यासुद्धा. मुलांच्या लसीकरणाची कार्डं हातातल्या बॅगेत ठेवा, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी ती मागतात.