मदत हवी आहे: बेळगावात येळ्ळूर रोडला शेजारशेजारच्या प्लॉटच्या दरात दुप्पट फरक, शनिवारी टोकन द्यायचंय

लेथवाला
येळ्ळूर रोडपासून थोडं आत ३० बाय ४० चा प्लॉट बघितलाय. मालक चौरस फुटाला ७०० म्हणतोय. बांधाला लागून पलीकडच्या लेआउटमध्ये नुकताच १,४५० नं व्यवहार झाला, घेणारे आमच्या ओळखीचेच आहेत. कर्नाटक नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर गाइडन्स व्हॅल्यू (सरकारी दर) ९०० दिसते, म्हणजे सरकारी दरापेक्षाही खाली मिळतोय. त्याच मालकाकडे अजून दोन आहेत, जमलं तर एक भावाच्या नावावर घेईन म्हणतो. प्रश्न दोनच. सरकारी दरापेक्षा कमी किमतीचा दस्त होतो का? नंतर टॅक्सची भानगड होते का? शनिवारी टोकन द्यायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. ‘नीट विचार करा’ असले सल्ले नकोत, ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा.

शहापूरची_सून
येळ्ळूर रोडला म्हणजे वडगाव हद्द, अनगोळ की येळ्ळूर? महापालिका की पंचायत? एनए (बिगरशेती) झालंय का? बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे का? उतारा कुणाच्या नावावर आहे? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग उत्तर कशाचं द्यायचं?

बॉन्डरायटर
विचारलंय तेवढ्याचं सांगतो. कमी किमतीचाही दस्त होतो, पण स्टॅम्प ड्युटी गाइडन्स व्हॅल्यू आणि ठरलेली किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर बसते. तुमची किंमत ८,४०,०००, सरकारी हिशेबाने १०,८०,०००. ड्युटी ५ टक्के, वर सेस-सरचार्ज, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय. सगळं मिळून ८२ हजारांच्या आसपास. इन्कम टॅक्सचं म्हणाल तर फरक २,४०,००० चा आहे. तो ५० हजार आणि किमतीचे १० टक्के या दोन्हींच्या वर गेला की सगळाच्या सगळा घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तुमचा गेलाय. अर्थात हे सगळं दस्त होणार असेल तर. दस्तच करून देणार आहेत ना?

लेथवाला
बॉन्डरायटर, धन्यवाद. एवढंच हवं होतं. बाकीच्यांसाठी: हद्द येळ्ळूर आहे असं एजंट म्हणाला. एनए प्रोसेसमध्ये आहे. कागदांचे फोटो आहेत, पण कन्नड आहेत, मला वाचता येत नाहीत. मालकाच्या मुलीचं लग्न आहे म्हणून तो घाईत विकतोय. त्यात संशय घेण्यासारखं काय आहे?

गुंजीकर
एवढ्या पैशात एक गुंठा कशाला घेता? खानापूरकडं या की. माझ्या मावशीनं गुंजीजवळ घेतलं, काजू लावलाय, विहिरीला पाणी बारमाही. २०२० मध्ये कायदा बदलल्यापासून शेतकरी नसला तरी जमीन घेता येते. जांबोटी रस्त्याला गोव्याची माणसं फिरूलालेत, दोन वर्षांनी हातात काही राहणार नाही.

शहापूरची_सून
गुंजीकर, त्यांना घर बांधायचंय, काजू नव्हे. आणि जांबोटी-कणकुंबीकडे भीमगड अभयारण्य जवळ आहे, तिथं कुठला सर्व्हे नंबर जंगल खात्याच्या रेषेत येतो ते बघितल्याशिवाय कुणाला ‘या’ म्हणू नका.

गुंजीकर
घर बांधायचंय असं त्यांनी कुठं लिहिलंय? सरकारी दराच्या खाली मिळतोय म्हणून तीन-तीन प्लॉट बघूलालेत. ही गुंतवणूकच झाली.

सीमाभागातला
घेऊन टाका. सीमाप्रश्न सुटला की बेळगावचे दर कुठल्या कुठे जातील. आज घेतील तेच उद्या टिकतील.

निवृत्त_भूमापक
महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. आपलं मन त्यात आहे, माझंही आहे, पण त्या भरवशावर कुणाची आठ लाखांची पुंजी लावू नका. लेथवाला, फोटो आहेत म्हणता ना? कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी उताऱ्यातले रकाना ९ आणि ११ वाचून घ्या. ९ मध्ये मालक असतात, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क.

लेथवाला
उद्यमबागेत आमच्या शॉपमध्ये एकजण आहे, त्यानं वाचून दाखवलं. क्षेत्र १ एकर १२ गुंठे. ९ मध्ये पाच नावं, शेवटी ‘जंटी’ असं लिहिलंय. ११ मध्ये सोसायटीचं पीक कर्ज. दस्ताचं एजंटला विचारलं, तर म्हणाला आत्ता बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) करार आणि मुखत्यारपत्र, एनए झालं की दस्त. सोबत पिवळ्या कागदावर प्लॉटचा नकाशा आहे, त्यावर सही-शिक्का काही नाही. यात अडचण नेमकी कुठं आहे?

निवृत्त_भूमापक
पाचजण जंटी, म्हणजे सामाईक मालक आहेत, पाचांच्या सह्या लागतात. विकणारा त्यातला एक. नावांत बहिणी आहेत का? २००५ नंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. सर्व्हे नंबरातला तुकडा रजिस्टर करायचा तर आधी ११-ई नकाशा लागतो, तो सर्व्हे खात्याकडून मोजणी होऊन येतो. पिवळा कागद म्हणजे तो नव्हे.

आता दराचं. तुम्ही बघितलेला ९०० हा साईटचा, म्हणजे एनए प्लॉटचा दर आहे. तुमचा तुकडा रेकॉर्डवर अजून शेत आहे आणि शेताची गाइडन्स व्हॅल्यू एकराच्या हिशेबानं वेगळी असते, ती काढा. ७०० चंच गणित करून बघा: गुंठा १,०८९ फुटांचा, एकर ४० गुंठ्यांचा, म्हणजे एकराला ३ कोटी ५ लाख पडतात. रस्त्यांची जागा वजा धरली तरी सामाईक, बोजा असलेल्या भातशेतीला हा दर कोण देतं? पलीकडचा १,४५० वाला एनए, मंजूर रस्ते, स्वतंत्र खातं हे सगळं करून विकतोय. हे दोन दर एकाच मालाचे नाहीत.

जुना_वडगावकर
एवढं घाबरवू नका त्यांना. आमच्या बाजूला कितीतरी घरं बॉन्डवरच वसलीत. लाईट आहे, नळ आहे, कुणाचं घर पाडलं? सगळे कागद पूर्ण व्हायची वाट बघत बसलो असतो तर मी आजही भाड्याच्या खोलीत असतो. आता तर बी-खाताही (मंजुरी नसलेल्या जागेची कर भरण्यापुरती नोंद) देतायत.

बॉन्डरायटर
काका, तुमचं घर उभं आहे हे चांगलंच आहे. पण बी-खात्यानं मालकी मिळत नाही. आणि करार-मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. रोज टेबलावर बघतो: मुखत्यारपत्र देणारा वारला की त्याची मुलं येतात, म्हणतात आम्ही सही केलेली नाही. घेणारा बॉन्ड घेऊन उभा राहतो आणि मला त्याला परत पाठवावं लागतं.

जुना_वडगावकर
खरं आहे, आमच्या गल्लीतही एका घराचं तसं झालं. पण गरिबानं मग घ्यायचं कुठं? १,४५० त्याला परवडत नाहीत, हेही कुणीतरी बोला.

शहापूरची_सून
अजून एक राहिलं. ती जागा बळ्ळारी नाल्यापासून किती लांब आहे? त्या शिवारात जुलै-ऑगस्टात भात दिवसेंदिवस पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात प्लॉट बघितला तर काही कळत नाही. शेजारच्या बांधावर गाळाची रेघ बघा, नाहीतर तिथं भात लावणाऱ्यांना विचारा. आणि हलगा-मच्छे बायपासच्या संपादनात तो सर्व्हे नंबर आहे का, तेही.

लेथवाला
नाला शेताच्या पलीकडच्या कडेला आहे, चालत पाच मिनिटं. पाच नावांत दोन बहिणी आहेत, एक पुण्याला असते. एजंटला म्हटलं, पाचांच्या सह्यांचा रजिस्टर करार करून द्या, सोसायटीचं ‘देणं नाही’ पत्र आणि ११-ई येऊ दे, टोकन तेव्हाच देतो. तो म्हणाला, मग प्लॉट धरून ठेवता येणार नाही. मी म्हटलं, नका ठेवू. भावालाही कळवलंय.

जुना_वडगावकर, तुमच्या प्रश्नाचं मलाही उत्तर हवंय. ८-९ लाखांत एनए झालेलं, स्वतंत्र खात्याचं काही मिळतं का? पिरनवाडी-मच्छे बाजू चालेल, मला कामावर जायला तेच जवळ. हद्द कुठलीही असो, कागद आधी दाखवणारं कुणी माहीत असेल तर कळवा.

गुंजीकर
पिरनवाडीला आमचे पाहुणे आहेत, विचारून सांगतो. खानापूरचंही मनात ठेवा.