अण्णांशी दीड मिनिटापलीकडे बोलणे होत नाही

प्रश्न (औसा तालुका, सध्या पुणे):
रोज रात्री मी वडिलांना फोन करतो. जेवलास का, पाऊस झाला का, सोयाबीनला काय भाव लागला, एवढे झाले की अण्णा ‘बरं, ठेव मग’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचे दगडमातीचे माळवद कोसळले आणि त्यात माझी आत्या गेली, हे मला आईकडून कळले. अण्णांनी त्याविषयी आजवर एक शब्द काढलेला नाही. मात्र नव्या गावठाणातल्या घरात ते अजूनही छताखाली झोपत नाहीत, थंडीतही त्यांची बाज अंगणातच असते. ते आता ७१ वर्षांचे आहेत. त्यांच्याशी मोकळे बोलता येईल, असे काय करावे?

उत्तर (अंबाजोगाई):
माझी आईही फोनवर अशीच तुटक बोलते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी तुरीची डाळ पाखडत बसलो होतो. हात चालू होते, नजर सुपात होती, आणि मी काहीही न विचारता तिने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जावे लागल्याने आपली शाळा कशी सुटली, ते सारे सांगितले. समोर बसवून विचारले असते, तर ती उठून चुलीकडे गेली असती. अण्णांसोबत एखादे काम करत बसा.

उत्तर (धारूर):
ताईंचे म्हणणे पटते, पण भूकंपाचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नये, असे मला वाटते. माझे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जात आणि मी सहा-सहा महिने आजीजवळ राहत असे. मोठेपणी मी वडिलांना ‘तेव्हा माझी आठवण येत होती का’ असे सरळच विचारले. त्यांना तो आरोप वाटला. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते मला आजही लागते. तुम्ही अंगणात त्यांच्याशेजारी आपलीही बाज टाका. ते बोलले नाहीत, तरी चालेल.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. दरवर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात आंबील-भज्जी जेवून मी त्याच दुपारी पुण्याला निघतो. यंदा चार दिवस राहणार आहे. घरी दुसरी बाज नाही. काल फोनवर तसे म्हणताच पाय बाभळीचे घ्यावेत, सुतळी किती लागेल, हे अण्णा बराच वेळ सांगत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘तू ये, दोघं मिळून विणू.’