मुलं नुसती बघत बसतात, कारण आपण बसवतो

बऱ्याच जणांची तक्रार असते की वर्गात स्मार्ट बोर्ड (फळ्याएवढा टच स्क्रीन) आल्यापासून मुलं नुसती बघत बसतात. खरं आहे. आमच्या नागपूरच्या शाळेतही पहिलं वर्ष तसंच गेलं. व्हिडिओ लावला की अर्धा वर्ग पेंगायचा. एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका.

फरक पडला तो अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट'मुळे (PhET), म्हणजे स्क्रीनवर करून बघायच्या विज्ञानाच्या प्रयोगांमुळे. फुकट आहे, बरंचसं मराठीतही आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. विजेचा परिपथ शिकवताना मी आधी विचारते, बल्ब न लावता बॅटरीची दोन टोकं तारेने जोडली तर? प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, मगच एकाने बोर्डवर जोडणी करायची. स्क्रीनवर ज्वाळा उठतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "जळलं ना बाप्पा!" त्यानंतर खरा सेल, तार आणि बल्ब हातात. स्क्रीनवरची तार कधी सैल होत नाही, ही होते; मग चूक शोधत बसतात. मला तोच तास सगळ्यात आवडतो.

मुलांकडे फोन नाहीत म्हणणाऱ्यांनी 'प्लिकर्स' (Plickers) हे वर्गात प्रश्न विचारून उत्तरं गोळा करायचं ॲप बघा. मुलांना छापील कार्डं, फोन फक्त शिक्षकाकडे. उत्तराप्रमाणे कार्डाची बाजू वर धरायची, आपण स्कॅन करायचं. शेजाऱ्याला उत्तर सहज कळत नाही, त्यामुळे लाजरी मुलंही हात वर करतात. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होऊन स्कॅनिंग अडतं. आमचे पहिले पैसे त्यातच गेले.

पाठ्यपुस्तकातल्या, धड्याचे व्हिडिओ उघडणाऱ्या क्यूआर कोडचा उपयोग मी फक्त गैरहजर मुलांसाठी करते.