मदत हवी आहे: चिकट पानांच्या अल्बममधून तिकिटं आणि पावत्या सोडवायच्या आहेत

जाड पुठ्ठ्यावर गोंदाचे पट्टे आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक, अशा पद्धतीचा जुना अल्बम आहे. आत साधारण १२० कागद आहेत: पुठ्ठ्याची रेल्वेतिकिटं, बसची पातळ तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, वर्तमानपत्राची कात्रणं आणि शेवटच्या पानांवर दुकानातल्या मशीनच्या गुळगुळीत पावत्या. गोंद पिवळा पडलाय, पावत्यांवरची अक्षरं पुसट होत चालली आहेत. हेअर ड्रायरने गोंद सैल करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो सगळ्या कागदांना चालेल का? आणि सोडवल्यावर ठेवायचं कशात? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ड्रायर आधी बाजूला ठेवा. गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने रंग धरणारा थर असतो. गरम हवा लागली की अख्खी पावती काळी पडते आणि मग काहीच करता येत नाही. शंका असेल तर कोऱ्या कडेवर नख जोरात घासा. काळी रेघ उमटली तर कागद थर्मल. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने गोंद काढायलाही जाऊ नका, त्यानेही काळे डाग पडतात किंवा अक्षरं उडतात.

या पावत्या अल्बममध्ये असतानाच आधी स्कॅन करा. वरचं प्लॅस्टिक उचलून, ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई), रंगीत, टिफ फाइल (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार). ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत, करू नका. पुसट अक्षरांना बहुतेक पिवळट झाक असते, त्यामुळे फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा हे चॅनेल (चित्राचे रंगथर) वेगळे करून पाहिले की निळ्यात ती बऱ्याचदा वाचता येतात. मूळ पावती कितीही जपली तरी फिकी होत जाणार, म्हणून स्कॅन हीच खरी प्रत धरा.

प्रतिसाद २
सोडवण्यासाठी मेण नसलेला डेंटल फ्लॉस वापरा. साधारण ३० सेंमी तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा, कागदाच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्या. फ्लॉस पुठ्ठ्याला चिकटून चालला पाहिजे. वर उचललात की बसचं तिकीट फाटलंच म्हणून समजा. कागद वाकवून सोलायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्लॉस अडला तर त्या कोपऱ्यावर जबरदस्ती न करता दुसऱ्या बाजूने शिरा.

तरीही सुटत नसेल तर पान झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. काही गोंद थंडीने कडक होऊन सुटतात. पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर बसेल. पान खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडा.

मागे चिकट थर राहिला तर गोंद काढायच्या क्रेप रबरने एकाच दिशेने हलक्या हाताने गोळा करा. कात्रणांवर हे करू नका, त्यांचे तंतू उचकटतात. त्यांच्या मागे सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर लावून ठेवा, म्हणजे ती एकमेकांना चिकटणार नाहीत.

धागाकर्ता
खूप आभार. दोन शंका राहिल्या. काही कात्रणांवर सेलोटेप आहे, ती काढू का? आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतात तशा साध्या प्लॅस्टिक खिशांच्या फाइल चालतील?

प्रतिसाद १
टेपची प्लॅस्टिक पट्टी आपोआप सुटत असेल तरच उचला. तपकिरी डाग कागदात मुरलेला असतो, तो घरी निघत नाही. खरवडलंत तर अक्षरांसकट जाईल.

खिसे पीव्हीसीचे नकोत. नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येणारा, हाताला मऊ चिकट लागणारा खिसा बहुधा पीव्हीसीचा. त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर झिरपतो, छपाई खिशालाच चिकटते, आणि थर्मल पावत्यांची अक्षरं तर त्याने साफ उडतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असं लिहिलेलेच घ्या. एका खिशात एकाच जातीचा कागद. कात्रणाच्या लगदा-कागदातलं आम्ल शेजारच्या तिकिटात उतरतं, म्हणून कात्रणामागे आम्लरहित कागद घाला.

प्रतिसाद २
लॅमिनेशनही नको, तिथेही उष्णता आहे आणि ते पुन्हा काढता येत नाही. तारीख-ठिकाण लिहायचं तर खिशात घालायच्या आधी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, टोक न रुतवता. थर्मल पावतीवर मात्र काहीच लिहू नका, वेगळी चिठ्ठी जोडीला ठेवा.