चीनमध्ये प्रेम ही दोघांपुरती गोष्ट राहिलीच नाही, तुम्हाला काय वाटतं?

निळीशाई: लिन च्युएमिन या तरुण चिनी क्रांतिकारकाचं पत्र भाषांतरात वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. १९११ चा एप्रिल, ग्वांगझू शहरातल्या राजेशाहीविरुद्धच्या उठावाला तीन दिवस उरलेत, आणि हा माणूस हाँगकाँगमध्ये रात्री बसून एका पांढऱ्या रुमालावर बायकोला लिहितोय, ती गरोदर आहे. म्हणतो, तुझ्यावर प्रेम आहे म्हणूनच मरायचं धाडस होतंय, कारण सगळ्यांनाच आपापल्या माणसावर असं प्रेम करता यायला हवं. उठाव फसला, तो पकडला गेला, मारला गेला. मला पत्र फार भिडलं पण रागही आला. प्रेमाला देशाच्या कामाला जुंपायची सवय इथूनच लागली असं माझं स्पष्ट मत आहे, पुढे प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी प्रेमाकडून काहीतरी वसूल करत राहिलं.

रानजाई: अजिबात पटलं नाही. प्रेम राजकारणात आलं म्हणून बायका जगल्या! नोव्हेंबर १९१९, चांगशा. चाओ आडनावाची मुलगी, लग्न आईबापांनी ठरवलेलं, तिला नको होतं. वरातीच्या पालखीत बसवलं तर तिनं आतल्या आत वस्तऱ्यानं गळा चिरून घेतला. तरुण माओनं तिच्यावर तिथल्या पेपरात एकामागून एक लेख लिहिले, की हिला समाजानं मारलं. ते 'घरगुती प्रकरण' म्हणून सोडून दिलं असतं तर पुढच्या मुलीही तशाच पालखीत बसल्या असत्या. १ मे १९५० चा विवाह कायदा आठवा, जबरदस्तीची लग्नं बंद, रखेल ठेवणं बंद, लग्नाच्या नावाखाली पैसे उकळणं बंद, बाईला घटस्फोट मागता येतो. हे आपोआप नाही झालं हो.

निळीशाई: कायदा मोठाच होता, मान्य. पण आईबापांच्या हातातली दोरी सुटली ती कुणाच्या हातात गेली? लग्नाची नोंद करायची तर नोकरीच्या ठिकाणचं, म्हणजे 'तानवेई'चं पत्र लागायचं, आणि ही अट २००३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, म्हणजे अगदी काल परवा. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातली (१९६६ ते ७६) सरकारमान्य 'आदर्श नाटकं' बघा, नायक नायिकांना संसारच नाही, सगळी माया कम्युनिस्ट पक्षावर.

सोलापूरकर: आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं उदाहरण कसं कुणी काढलं नाही? १९३८ ला जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तिथे क्वो छिंगलान या नर्सशी १९४१ मध्ये लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ मध्ये डॉक्टर गेले तेव्हा पोरगं काही महिन्यांचं होतं. दोन देशांचं नाव त्या बाळाला दिलं म्हणून आईबापांचं प्रेम कमी खरं होतं का? ध्येय एक असलं की माणसं जवळ येतात, यात कुणी कुणाला जुंपलेलं नसतं.

रानजाई: +१. आणि नवरा बायको दोघांसाठी एकच शब्द रूढ झाला, 'आयरेन', प्रेमाचं माणूस. बाईनंही नवऱ्याची ओळख त्याच शब्दानं करून द्यायची. कुणाची मालकी नाही त्यात. मला हा शब्द फार आवडतो.

पावशेर: तुम्ही सगळे जुन्यात अडकलात. २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख लग्नं नोंदली गेली, २०२४ मध्ये ६१ लाख. सरकार लग्न करा, मुलं होऊ द्या म्हणतंय, २०२१ पासून संमतीनं घटस्फोट घ्यायचा तरी ३० दिवस थांबायला लावतंय, आणि पोरं ऐकत नाहीयेत. घरं महाग, नोकरीचा भरवसा नाही, मुली शिकलेल्या आहेत आणि सासरी राबायला तयार नाहीत. लू शुन या चिनी लेखकानं १९२३ मध्येच पेइचिंगच्या विद्यार्थिनींना सांगितलं होतं की बाई घराबाहेर पडली पण हातात पैसा नसेल तर पुढे काय? आजच्या मुलींच्या हातात थोडा पैसा आलाय, त्या नाही म्हणतायत, यात प्रेमबिम काही नाही.

निळीशाई: नाही म्हणता येणं हाच तर प्रेमाचा अर्धा भाग आहे! त्या चाओच्या मुलीला तेवढंच हवं होतं.

रानजाई: आता हे पटलं. आणि तुमच्या त्या पत्रातली एक जागा मलाही टोचते, ती आधी लिहायची राहून गेली. तो तिला आठवण करून देतो की मी एकदा म्हणालो होतो, माझ्या आधी तू गेलेली बरी, आणि तू चिडली होतीस, मग मी समजावलं की मागे राहणाऱ्याचं दुःख तुला सोसवणार नाही म्हणून बोललो. अख्ख्या पत्रात तिची बाजू म्हणून मला तेवढंच दिसलं, तिचं ते चिडणं.