अनुभव: जुना पीसी चालू होतो आणि लगेच बंद पडतो

घंटाळीकर
माळा आवरताना बाबांचा एक्सपीवाला पीसी खाली काढला. भाच्याच्या हट्टाने जोडला. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला आणि चारेक सेकंदांत ठप्प. परत तेच. २६ जुलै २००५ ची आठवण झाली. घरात पाणी शिरायला लागल्यावर बाबांनी सगळ्यात आधी उचलला तो हा सीपीयू, मग टीव्ही, आणि आजीची ट्रंक राहिली खाली. आजीने ते शेवटपर्यंत काढलं. असो. तुमच्याकडे काय काय निघालं होतं ते लिहा, भंगारात द्यायचं जिवावर आलंय.

ऐरोली से. ८
किती वेळाने बंद पडतो ते महत्त्वाचं. क्षणात बसला तर शॉर्ट किंवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा. माझा दहा-पंधरा मिनिटं चालून बसायचा, म्हणजे उष्णता. इंटेलच्या ७७५ सॉकेटवरच्या प्रोसेसरच्या पंख्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात, त्यातली एक सुटलेली. हीटसिंक (पंख्याखालचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) तिरका, त्याखालची पेस्ट वाळून भुगा. दुकानदार नवा मदरबोर्ड गळ्यात मारत होता!

वाशीची
बटण बघा आधी. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी बंदच होतो, मग ते आत अडकून बसलं तर? आमचं पावसाळ्यात चिकटायचं. भावाने बोर्डावरून बटणाची वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जरा टेकवल्या, झक्कास चालला. कुकर लावलाय, नंतर येते.

नेरुळ पूर्व
आमच्या एसएमपीएसमध्ये पाल होती. एवढंच सांगते, जेवायच्या वेळी नको.

कळव्याचा काका
माझं सायबर कॅफे होतं. २००० नंतरच्या काही वर्षांत आलेल्या बऱ्याच बोर्डांचे कॅपॅसिटर (बोर्डावरच्या त्या छोट्या उभ्या डब्या) फुगायचे, आतलं इलेक्ट्रोलाइट म्हणजे द्रवच खराब. डोकं सपाट हवं. टम्म दिसलं किंवा तपकिरी काही गळलं असेल तर तेच. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी अजिबात नकोत. एका एका पार्टसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. लोकलमध्ये मांडीवर सीपीयू घेतला की चौथी सीट पण कोणी मागायचं नाही.

नौपाड्यातली
@काका तलावपाळीजवळच्या कॅफेत आम्ही तासाच्या हिशोबाने बसायचो, दहावीचा निकाल पाहायला ही गर्दी! साईट उघडायची नाही ते वेगळंच.

घणसोली
हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस चालू करून बघतात बरेच जण. पंखा फिरला म्हणजे तो पास असं नाही हं, लोड आला की बसतो. दुसऱ्याचा लावून बघणं उत्तम. आणि त्याचा डबा उघडू नका कोणी. २३० व्होल्टचे डीसी होऊन आत ३२० च्या आसपास साठलेले असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

नेरुळ पूर्व
पालीला ते माहीत नव्हतं :(

नौपाड्यातली
ट्रंकेचं काय झालं पण?

घंटाळीकर
तरंगली! वरच्या साड्या कोरड्या निघाल्या. पण बोलणी बाबांनी खाल्लीच.
@वाशीची बटणच निघालं. स्प्रिंग गंजून आत रुतलेली. वायर काढून पिना टेकवल्या, तासभर झाला चालू आहे. आता बाबांना पासवर्ड आठवत नाहीये.

ऐरोली से. ८
नावाशेजारी प्रश्नचिन्ह असेल तर दाबा, हिंट येते. तारीख मागची दाखवत असेल तर बोर्डावरची गोल बॅटरी गेली, सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळते.

घंटाळीकर
हिंट आहे: "नेहमीचा".

वाशीची
हाहा, टिपिकल बाबा. आईला विचारा. आणि भाच्याला सांगा, पिनबॉल आहे त्यात.