मदत हवी आहे: महापुराच्या धास्तीने कोल्हापूर सोडून आजऱ्याला कायमचे राहायला जावे का?

नमस्कार.

आमच्या घरात २०२१ च्या पुरापासून एकाच विषयावर बोलणे चालू आहे. आता निर्णय पुढे ढकलता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आम्ही कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या एका सखल गल्लीत स्वतःच्या बैठ्या घरात राहतो. सासऱ्यांचे मूळ घर आजऱ्यात, आमच्याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आहे आणि ते गेल्यापासून त्याला कुलूप आहे. ते दुरुस्त करून तिकडेच राहायला जावे, असा विचार आहे. घरात माझे पती (वय ४९), मी (४५), सासूबाई (७०) आणि नववीत शिकणारी मुलगी अशी चार माणसे आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा पाणी शिरले. त्याआधी २००५ मध्ये ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले होते, त्यामुळे या वेळीही थांबेल असे धरून आम्ही एक रात्र उशीर केला. सकाळी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून बोटीत बसवावे लागले. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलीची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीने नोंदवलेली आहे. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा गाळाची रेघ तिच्या त्या वर्षीच्या खुणेच्या चार बोटे वर होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. २०२४ मध्ये पाणी घरात आले नाही, तरी धोका पातळी ओलांडली गेलीच आणि आम्ही आठ दिवस नणंदेकडे राहिलो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे आकडे आता आमच्या मुलीलाही पाठ आहेत. जुलै लागला की सासूबाईंची झोप उडते, रात्री दोन-तीन वेळा उठून त्या दारात बॅटरी मारून पाहतात. आजऱ्याचा विषय मुळात त्यांनीच काढला.

आजऱ्याचे घर चिऱ्याचे आणि कौलारू आहे. ते उंचावर असून हिरण्यकेशीचे पाणी तिथपर्यंत येत नाही. परसात विहीर आहे. वीस गुंठे भातशेती आहे, ती सध्या चुलतदीर कसतात. आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नाव झाले आहे, पण वीस गुंठ्यांवर चार माणसांचा संसार चालत नाही, आणि त्यात हत्ती-गव्यांचा उपद्रव आहे. त्यामुळे शेतीच्या भरवशावर आम्ही जात नाही, हे आधीच स्पष्ट करते.

माझे पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. आजऱ्याहून कोल्हापूर सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे रोजचे जाणे-येणे शक्य नाही. त्यांना आठवडाभर इकडे खोली घेऊन राहावे लागेल आणि सुट्टीला तिकडे यावे लागेल. मी घरूनच चार व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीचे काम पाहते, ते इंटरनेट असेल तिथून करता येते. म्हणजे प्रत्यक्षात आजऱ्यात सहा दिवस सासूबाई आणि मी, आणि दहावीनंतर आली तर मुलगी, एवढ्याच असणार.

गेल्या जुलैमध्ये आम्ही मुद्दाम दहा दिवस तिकडे राहून पाहिले. उन्हाळ्यात पाहिलेल्या घरावर निर्णय घेऊ नये, असे मला वाटत होते आणि ते खरे ठरले. दोन रात्री सलग वीज नव्हती. चौथ्या दिवशी कपाटातल्या फायलींना बुरशीचा वास येऊ लागला. एका व्यापाऱ्याचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी नेटवर्क गेले, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन एस.टी.ने गडहिंग्लज गाठले. मात्र त्या दहा दिवसांत सासूबाई एकाही रात्री उठल्या नाहीत. सकाळी परसदारी बसून शेजारणीशी बोलताना त्यांचा चेहरा पाहिला आणि मला माझ्या शंका बोलून दाखवणे जड गेले. मी त्या इथे लिहीत आहे, कारण घरात बोलले की त्या लगेच म्हणतात, ‘माझ्यासाठी अडू नका.’

माझी मुख्य चिंता त्यांच्याच प्रकृतीची आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली असून धातूची झडप असल्याने रक्त पातळ ठेवण्याची गोळी त्यांना कायमची आहे. त्यासाठी दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावे लागते. गोळीची मात्रा कमी पडली तर गुठळी होण्याचा धोका, जास्त झाली तर साध्या पडण्यानेही आत रक्तस्राव होण्याचा धोका. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले आहे, की तोंड वाकडे होणे, हात न उचलणे, शब्द अडखळणे असे काही दिसले तर साडेचार तासांच्या आत, आणि त्यातही जितके लवकर होईल तितके, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायला हवे. कोल्हापुरात आम्ही अशा रुग्णालयापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहोत. आजऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आणि काही खाजगी रुग्णालये आहेत. तपासणीसाठी रक्त देणे तिकडेही जमेल. प्रश्न अपरात्रीचा आहे.

आणि यातच एक गोष्ट आहे, जी आम्हाला इतकी वर्षे नीट दिसली नव्हती. आम्ही पुराला भिऊन आजऱ्याला जाणार, पण आजऱ्याहून कोल्हापूरला यायचा आमचा नेहमीचा रस्ता उत्तूर-निपाणी-कागल असा आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद झाली. म्हणजे ज्या आठवड्यात कोल्हापुरातले आमचे घर पाण्यात असेल, त्याच आठवड्यात आजऱ्याहून कोल्हापूरचा दवाखाना आणि कोल्हापुरात असलेले माझे पती हे दोन्ही आम्हाला दुरावलेले असतील. इकडे राहिलो तर घर बुडते पण डॉक्टर मिळतो. तिकडे गेलो तर घर कोरडे राहते, पण डॉक्टरांपर्यंतचा रस्ता बुडतो. हे लक्षात आल्यापासून माझे मन तयार होत नाही.

मुलीच्या शाळेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. दहावीच्या वर्षात शाळा बदलायची नाही, एवढे ठरले आहे. ते वर्ष ती वडिलांबरोबर इथेच राहील आणि अकरावीपासूनचे पुढे पाहता येईल.

इतर मार्गही तपासले. घरावर मजला चढवायचा म्हटले तर जुन्या भिंती तो भार पेलणार नाहीत, असे इंजिनिअरने सांगितले. घर पूररेषेच्या आत असल्याने विकायला काढले तर हाती येणाऱ्या रकमेत कोल्हापुरातच उंचावर असलेल्या आर. के. नगर किंवा पाचगावकडे दोन खोल्याही होणार नाहीत. तिकडे भाड्याने राहणे मात्र शक्य आहे. गडहिंग्लजला भाड्याचे घर घेऊन आजऱ्याचे घर सुट्टीपुरते ठेवावे, असेही मला अलीकडे वाटू लागले आहे. पण सासूबाईंना ओढ आहे ती त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्याची, आणि परक्याच्या घरात त्या तितक्याच शांत झोपतील का, हे मी सांगू शकत नाही.

आजरा, उत्तूर, गडहिंग्लज, चंदगड या भागात राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरातला गंभीर रुग्ण आपण नेमका कुठे नेला, ते सांगावे. संकेश्वरमार्गे बेळगावचा रस्ता त्या दिवसांत चालू होता का, आणि तिकडच्या रुग्णालयांत महाराष्ट्रातल्या रुग्णांना आपल्या शासकीय योजनेचा लाभ प्रत्यक्षात मिळाला का? १०८ ची रुग्णवाहिका रात्री किती वेळात आली? शहरातून तालुक्याच्या गावी वृद्ध आई-वडिलांना घेऊन गेलेल्यांचा, आणि त्यातही नवरा किंवा बायको कामासाठी शहरात राहिली असेल अशांचा, अनुभव मला हवा आहे. त्यांच्यापैकी कोणी परत शहरात आले असेल तर त्याचे कारणही लिहावे. तेच वाचण्याची मला जास्त गरज आहे.

आजऱ्याच्या घराची शाकारणी पावसाआधी व्हायला हवी आणि ते काम करणाऱ्या माणसाला पाडव्यापर्यंत होय की नाही ते कळवायचे आहे.